‘इनहेरंट व्हाइस’: न कळणारा चित्रपट कसा बघावा

पॉल थॉमस अँडरसनचा ‘इनहेरंट व्हाइस’ (२०१४) बघून उठलेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, ‘म्हणजे नेमकं झालं काय?’ प्रदर्शित झाला तेव्हा प्रेक्षक मध्येच उठून गेल्याच्या बातम्या आल्या. त्याच चित्रपटाला रूपांतरित पटकथा आणि वेशभूषा अशी दोन ऑस्कर नामांकनंही मिळाली. आजही त्याच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक गट म्हणतो, अडीच तास फुकट गेले. दुसरा गट तो चौथ्यांदा बघत असतो. पहिल्या गटातले बरेच जण या चित्रपटात रहस्यकथा शोधत बसतात आणि तिथेच फसतात. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयवर पोसलेल्या वाचकाला शेवटच्या पानावर खुनी हवाच असतो. इथे तो त्या रीतीने मिळत नाही.

गोष्ट १९७० सालची, लॉस एंजेलिसजवळच्या गॉर्डिटा बीच नावाच्या काल्पनिक किनारी वस्तीतली. लॅरी ‘डॉक’ स्पोर्टेलो (वाकीन फिनिक्स) हा गांजा ओढणारा खाजगी गुप्तहेर एका डॉक्टरच्या दवाखान्यातल्या खोलीतून धंदा चालवतो. त्याच्याकडे एकामागून एक तीन कामं येतात. ही तीन नीट लक्षात ठेवली की निम्मा त्रास वाचतो. पहिलं काम त्याची जुनी प्रेयसी शास्ता (कॅथरीन वॉटरस्टन) घेऊन येते. तिचा सध्याचा प्रियकर मिकी वोल्फमन हा बडा बिल्डर. त्याची बायको आणि तिचा यार मिळून त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकायला बघताहेत आणि त्यात शास्ताची मदत मागताहेत. दुसरं काम तुरुंगातून सुटलेल्या तारिक खलीलचं. त्याला आपले पैसे बुडवणारा ग्लेन चार्लॉक हवाय आणि हा चार्लॉक वोल्फमनचाच अंगरक्षक निघतो. तिसरं काम होप हार्लिंजनचं. तिचा सॅक्सोफोन वाजवणारा नवरा कॉय (ओवेन विल्सन) मेला असं सगळे म्हणतात, तिला ते पटत नाही. मिकी, चार्लॉक, कॉय ही तीन नावं सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवा. पुढे जे काही येतं ते यातल्या कुणाला तरी चिकटलेलं असतं.

मग लोक हरवतात कुठे? माणसाचा चेहरा दिसायच्या आधी त्याचं नाव कानावर पडतं तिथे. या चित्रपटात माहिती जवळजवळ सगळी बोलण्यातून येते. नेहमीच्या गुप्तहेरपटात कॅमेरा पुरावा जवळून दाखवतो, इथे तशी मदत नाही. रॉबर्ट एल्स्विटचा कॅमेरा समोरासमोर बसलेल्या दोघांकडे हळूहळू सरकत जातो आणि तेवढ्या वेळात पाच नवी नावं, एक जहाज आणि एखादी संस्था बोलण्यात येऊन जाते. त्यात संवाद पुटपुटलेले. शास्ता आणि डॉकचा पहिला प्रसंग कुजबुजीत आहे, कॉय भेटतो तोही कुजबुजीत. उपाय साधा आहे: ज्याचा चेहरा दिसला नाही त्याचं नाव सोडून द्या. ते महत्त्वाचं असेल तर परत येईल.

एक नाव मात्र घट्ट धरायचं, गोल्डन फँग, म्हणजे सोन्याचा सुळा. डॉक ज्याला विचारतो तो याचं वेगळं उत्तर देतो. कुणाच्या मते ते शिडाचं जहाज, कुणाच्या मते हेरॉईनची टोळी, तर कुणाच्या मते कर वाचवायला दंतवैद्यांनी काढलेली संस्था. प्रेक्षक यातलं खरं कोणतं ते ठरवू पाहतो आणि थकतो. सगळीच खरी आहेत. गर्द आणायची, विकायची, गर्दुल्ल्याचे दात सडले की तेच नवे बसवणार, पुढे व्यसन सोडवायचं केंद्रही त्यांचंच. एकाच गिऱ्हाईकाकडून तीनदा पैसे. हे ध्यानात आलं की मार्टिन शॉर्टचा कोकेन ओढणारा दंतवैद्य, होपची कवळी आणि ते केंद्र एका माळेत बसतात. चित्रपटातला सगळ्यात पक्का विनोद हाच आणि सगळ्यात भयानक गोष्टही हीच.

रात्रभर दशावतारी काला बघितलेल्या गोव्यातल्या पेडणे-बार्देसच्या प्रेक्षकाला या चित्रपटाची बैठक लवकर सापडेल. तिथे आख्यान माहीत असतंच. लोक बसतात ते पात्राच्या प्रवेशासाठी आणि रंगमंचावर तिथल्या तिथे रंगणाऱ्या बोलण्यासाठी. आख्यान सुरू व्हायच्या आधी संकासूर बराच वेळ घेतो, कुणी तक्रार करत नाही. इथेही तसंच बघावं. एक पात्र येतं, आपला रंग दाखवतं आणि जातं. बेनिसियो देल तोरोचा सागरी कायद्याचा वकील, रीस विदरस्पूनची सरकारी वकील आणि सगळ्यांवर मात करणारा जॉश ब्रोलिनचा ‘बिगफूट’ ब्योर्नसन, हिप्पींचा द्वेष करणारा पोलीस अधिकारी. गाडीत बसून तो चॉकलेट लावलेलं गोठवलेलं केळं खातो तो प्रसंग घ्या. गुन्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. ब्रोलिन ते केळं एकचित्ताने, मन लावून खात राहतो आणि शेजारी बसलेला डॉक नजर कुठे वळवावी ते न कळून आधी बाहेर, मग पुन्हा त्याच्याकडे बघतो. या दोघांचा एकमेकांवाचून न चालणारा राग त्या एका केळ्यात दिसतो. बिगफूटच्या मेलेल्या साथीदाराची गोष्ट पुढे कळते तेव्हा हाच माणूस आतून किती मोडलाय ते समजतं.

खरं काय आणि धुंदीतलं काय, हा दुसरा अडथळा. टीव्हीवर जाहिरात करणारा बिगफूट पडद्यातून थेट डॉकशी बोलतो तिथून शंका सुरू होते. डॉकची वही बघत राहा. अशिलासमोर बसून तो गंभीरपणे काहीतरी टिपतो, पण पानावर मोठ्या अक्षरात एवढंच असतं की हा भास नाही. निवेदन करणारी सोर्तिलेज (गायिका जोआना न्यूसम) डॉकच्या शेजारी गाडीत बसलेली दिसते आणि पुढच्या शॉटमध्ये नसते. ती माणूस म्हणून आहे की डॉकच्या डोक्यातला आवाज, हे चित्रपट सांगत नाही. थॉमस पिंचनच्या २००९ च्या कादंबरीत ती किरकोळ पात्र आहे. अँडरसनने तिला सूत्रधार केलं आणि त्यामुळे कादंबरीची भाषा पडद्यावर आली. हा निर्णय अचूक वाटतो.

आता बघायची तयारी. लांबी १४८ मिनिटं. रात्री दहानंतर लावू नका, जेवून आडवं होऊन तर नकोच, अर्ध्यात डोळा लागतो. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी सबटायटल्स चालू ठेवा. टीव्हीच्या स्पीकरवर ती कुजबुज पंख्याच्या आवाजात बुडते, म्हणून हेडफोन किंवा साउंडबार बरा. चित्रपट ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालाय, त्याला कण आहेत आणि सावल्या मऊ आहेत. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा, नाहीतर तो मालिकेसारखा दिसायला लागतो. संपल्यावर लगेच पहिली वीस मिनिटं पुन्हा लावा. शास्ताने पहिल्याच भेटीत किती काय सांगून ठेवलं होतं ते तेव्हा कळतं. नग्नता, शिव्या आणि नशा भरपूर आहे, त्यामुळे मुलं घरात असताना नको.

दोष आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. तारिक खलील एका प्रसंगात येतो आणि नाहीसा होतो. ज्याच्या कामाने एक धागा सुरू झाला त्याच्याकडे चित्रपट परत बघत नाही. कादंबरीतला लास वेगासचा भाग कापल्यामुळे मिकीचं प्रकरण घाईत उरकतं. मध्यंतरी गायब झालेली शास्ता परतल्यावरचा तो लांब, एकाच शॉटमधला प्रसंग अनेकांना खटकतो आणि ते खटकणं रास्त आहे. त्यातली क्रूरता पात्रांची आहे हे कळतं, तरी नग्न शरीर फक्त तिचंच दिसतं.

तारिकच्या त्या एका प्रसंगात मात्र गोव्यातल्या प्रेक्षकाने कान द्यावा. तो तुरुंगातून सुटून घरी जातो तर वस्तीच उरलेली नाही, तिथे वोल्फमनची चॅनल व्ह्यू इस्टेट्स ही वसाहत उभी राहतेय. नगर नियोजन कायद्यातली जमिनीचा झोन बदलण्याशी संबंधित १७(२) आणि ३९अ ही कलमं जिथे चहाच्या टपरीवर चर्चेत येतात, तिथे हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही. कादंबरीच्या सुरुवातीला १९६८ च्या पॅरिसमधल्या भिंतीवरची घोषणा आहे: फरसबंदीच्या खाली समुद्रकिनारा आहे. हणजुण्याला हिप्पी आले तेही याच काळात, आणि वाळूच्या टेकड्यांवर नंतर काय काय उभं राहिलं ते इथे सगळ्यांनी बघितलंय. म्हणून चित्रपटातली हुरहुर परकी वाटत नाही. डॉकला शास्ता हवी आहेच, पण तिच्यासोबत गेलेला तो किनाराही हवा आहे.

शीर्षकही आपल्याला जवळचं आहे. सागरी विम्यात मालाच्या अंगच्याच दोषाला ‘इनहेरंट व्हाइस’ म्हणतात. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या ५५ व्या कलमातही तो आहे, आणि करारात वेगळं ठरलेलं नसेल तर त्यामुळे झालेलं नुकसान विमा कंपनी भरत नाही. अंडी फुटतात, चॉकलेट वितळतं, काच तडकते. मुरगावच्या धक्क्यावर माल चढवणाऱ्याला हे सांगायला नको: मानकुराद आंबा पेटीत सडला तर त्यात वादळाचा दोष नसतो. डॉक आणि शास्ताचं नातं, तो किनारा, ते दशक, सगळ्यांकडे चित्रपट याच नजरेने बघतो.

शेवट कळू नये असं वाटत असेल त्यांनी इथे थांबावं. डॉकच्या गाडीत हेरॉईनचा मोठा साठा येऊन पडतो आणि तो परत मागायला एक श्रीमंत वकील येतो. किती पैसे हवेत, असं विचारतो. डॉक पैसे मागत नाही, खबऱ्या म्हणून अडकलेल्या कॉयची सुटका मागतो. मग तो कॉयला त्याच्या घरापाशी सोडतो आणि गाडीतच बसून राहतो. दार उघडतं. बायको आणि लहान मुलगी दिसते. डॉक काचेतून बघतो.