खाणीच्या डंपसाठी स्थानिक बियाण्यांचं मिश्रण : पाचपैकी चार स्टार

ओव्हरबर्डनच्या, म्हणजे खनिजाच्या वरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या डंपवर (ढिगावर) पेरायला हे मिश्रण मागवलं होतं, आता तिथे झुडपं धरलीयत म्हणून लिहितेय.

सगळ्यात आवडलं ते लेबल. प्रत्येक जातीचं शास्त्रीय नाव, वजनात वाटा किती, उगवण किती टक्के आणि बी कुठल्या भागातून गोळा केलंय, सगळं छापलेलं. बाजारात 'स्थानिक' म्हणून विकतात त्यात बऱ्याचदा भराभर वाढणारं गवतच जास्त असतं, काही आठवड्यांत डंप हिरवागार, तपासणीला आलेले खूश, पण तेच गवत पाणी आणि ऊन खाऊन टाकतं आणि झाडांची रोपं खाली गुदमरतात. अमेरिकेत ॲपलेशियाच्या डोंगराळ भागातल्या कोळसा खाणींवर, खाणीची जमीन पूर्ववत करायला लावणाऱ्या १९७७ च्या कायद्यानंतर नेमकं हेच झालं, डोझरने जमीन दाबून सपाट केली, वर दाट गवत पेरलं, उतार टिकले पण जंगल काही परत येईना. मग तिथल्या वनशास्त्रज्ञांनी सांगितलं की वरचा साधारण १.२ मीटरचा थर भुसभुशीत ठेवा आणि गवत कमी पेरा. या मिश्रणात गवत कमीच आहे त्यामुळे पहिल्या हंगामात डंप बोडका दिसतो, प्लीज घाबरून वरून दुसरं गवत टाकू नका!! आणि डंपर फिरून दगडासारखी झालेली जमीन रिपरने (खोल दात्याच्या नांगरासारख्या अवजाराने) फोडल्याशिवाय पाकीट उघडूच नका, मुळं खाली जाणार कुठून?

मातीचा पीएच (आम्लता) आधी तपासा. खडकात पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असेल तर हवापाणी लागून आम्ल तयार होतं, पीएच ५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळं जाळतं, तिथे आधी चुनखडी, मग बी.

एक स्टार कापला तो शेंगवर्गीय बियांसाठी. टणक सालीच्या बिया तशाच भरल्यात, गरम पाण्याची प्रक्रिया करा असं पाकिटावर कुठेही नाही, फोन केला तर म्हणे डायरेक्ट पेरा. असं कसं चालेल? जमिनीला नायट्रोजन देणारी हीच झाडं, ती उशिरा आली की बाकीची पण रखडतात. काही जातींना तर धुराशिवाय जाग येत नाही, बी उगवायला लावणारं धुरातलं रसायन २००४ मध्ये सापडलंय, म्हणजे ही माहिती काही नवीन नाही, छापायला हवी.

सोबतची मायकोरायझाची (झाडाच्या मुळांशी जोडून राहणाऱ्या उपयोगी बुरशीची) पुडी नुसत्या खडकाच्या चुऱ्यावर वापरून बघायला हरकत नाही. ताजी वरची माती मिळत असेल तर या पुडीची गरज नाही, पण ती माती उंच ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली की आतलं बी आणि ही बुरशी मरते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) खाणींमध्ये नव्या खड्ड्यावरची माती जमेल तिथे थेट जुन्या खड्ड्यावर पसरतात, तशी सोय असेल तर आधी ती माती पसरा आणि तिच्यातून जे उगवत नाही तेवढ्याच जातींचं बी मागवा, कंपनी तसं सुटं देते.