जुनं मिशन ओक: गुस्ताव्ह स्टिकली घ्यावं की एल. अँड जे. जी. स्टिकली?

मिशन ओक म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, साध्या सरळ रेषांचं अमेरिकी ओक फर्निचर. ते बनवणारे हे दोन्ही कारखाने न्यू यॉर्क राज्यातले आणि सख्ख्या भावांचे. गुस्ताव्हचा सिराक्यूसजवळ ईस्टवूडला, लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज यांचा फेयेटव्हिलला. लाकूड एकच, पांढरा ओक, तोही क्वार्टर-सॉन, म्हणजे त्रिज्येच्या दिशेनं चिरलेला. अशी फळी कमी वाकते आणि तिच्यावर चकाकणाऱ्या किरण-रेषा उमटतात. सागवान पाहायची सवय असलेल्याला त्या आधी डाग वाटतात, पण या फर्निचरचं खरं सौंदर्य त्यांतच आहे.

खरा फरक पायांत सापडतो. चौकोनी पायाच्या समोरासमोरच्या दोनच बाजूंवर या रेषा येतात, उरलेल्या दोन साध्या राहतात. गुस्ताव्हच्या अनेक जाड पायांत साध्या बाजूंवर विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, चिकटवलेलं असतं. जुना सरस सुटला की त्याच्या कडा उचलतात, आणि पॉलिश पेपर जोरात फिरवला तर ते आरपार घासलं जातं. भावांनी चार फळ्यांच्या कडा एकमेकींत अडकवून मधल्या गाभ्याभोवती सरसानं जोडल्या, त्यामुळे चारही बाजूंवर रेषा दिसतात. रोज वापरायच्या आरामखुर्चीसाठी आम्ही हाच पाया निवडू.

संग्रहासाठी मात्र गुस्ताव्ह. सुरुवातीच्या वर्षांतलं त्याचं काम जास्त धीट आहे, आणि किंमतही सहसा जास्त पडते. 1903 मध्ये त्याच्यासाठी आर्किटेक्ट हार्वे एलिसनं केलेल्या रचना हलक्या, कमानदार. काहींत धातू आणि रंगीत लाकडाची जडणी आहे.

शिक्क्यावर विसंबू नका. गुस्ताव्हचा सुताराचा कंपास आणि ‘आल्स इक कान’ (माझ्या परीनं) हे शब्द, किंवा भावांचं सुताराच्या शिकंज्याचं लाल चिन्ह, दोन्ही नंतर चिकटवता येतात. त्याऐवजी साल-कुसू सांधा पाहा, म्हणजे एका लाकडाचं कुसू (जिभेसारखं टोक) दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला जोड. आरपार गेलेल्या कुसवाच्या टोकावर लाकडाच्या तंतूंचा आडवा काप दिसायला हवा. दिसतो तो नुसता चिकटवलेला ठोकळा असेल, तर वस्तू स्वस्त नकलेची. पाय खालून कापून आखूड केलेत का, तेही मोजा. पायांची उंची त्याच मॉडेलच्या जुन्या कॅटलॉगशी ताडून पाहा.

रंगाच्या बाबतीत घाई नको. बनवताना दिलेली अमोनियाची वाफ ओकमधल्या टॅनिनशी संयोग पावून लाकूड तपकिरी होतं. हा रंग वरवरचा नसला तरी फार खोलही जात नाही, म्हणून घासलं की ठिपके-ठिपके फिकट पडतात आणि खोडाच्या बाहेरच्या भागातल्या कच्च्या लाकडाच्या पट्ट्या उघड्या पडतात. काळवंडलेलं पण मूळ पॉलिश असलेलं टेबल चकचकीत केलेल्यापेक्षा आधी घ्यावं, मग ते दोघांपैकी कुणाचंही असो.