दुर्बिणीतून की पोट उघडून? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरवताना

घरातल्या कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला की दोन दिवसांत सगळे नातेवाईक एक्स्पर्ट होतात, एक म्हणतो दुर्बिणीतूनच करा, दुसरा म्हणतो पोट उघडल्याशिवाय कॅन्सर पूर्ण निघत नाही. हा दुसरा मुद्दा आधी डोक्यातून काढा. अमेरिकेत ८७२ पेशंटवर ट्रायल झाली होती, २००४ साली रिझल्ट आले, तीन वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीवाल्यांत १६ टक्के आणि ओपनवाल्यांत (म्हणजे पोट उघडून केलेल्यांत) १८, म्हणजे सारखंच धरा. कॉम्प्लिकेशन्सही साधारण तेवढीच. फरक कशात, तर दुखण्यात, पेनकिलर कमी लागण्यात आणि हॉस्पिटलच्या मुक्कामात, तोसुद्धा त्या ट्रायलमध्ये पाच दिवस विरुद्ध सहा दिवस एवढाच.

मग दुर्बीण कशाला? जखमेसाठी. छोटा छेद असला की पस होणं कमी, खोकताना दुखणं कमी, आणि पुढे काही महिन्यांनी त्या जागी हर्निया यायचा चान्स कमी. सदाशिव पेठेतल्या वाड्याचा लाकडी जिना चढायचा असेल किंवा रिक्षातून स्पीडब्रेकर खात घरी जायचं असेल तर छोट्या जखमेची किंमत लगेच कळते (छेद कसाही असो, पोटावर उशी दाबून धरा, खोकतानासुद्धा).

ओपन कधी बरं? गाठ मोठी आणि बाजूच्या अवयवाला चिकटलेली असेल, आधीच्या ऑपरेशनांमुळे पोटात सगळं चिकटून बसलं असेल, आतडं ब्लॉक होऊन टम्म फुगलं असेल किंवा फुटलं असेल तर सर्जन सरळ ओपन म्हणतील, तिथे हट्ट करू नका. कधी दुर्बिणीने सुरू करून मध्येच ओपन करावं लागतं, त्याच ट्रायलमध्ये पाचातल्या एकाचं असं झालं होतं, हल्ली हात बसलेल्या सर्जनकडे प्रमाण कमी आहे. आमच्या सासऱ्यांचं तसंच झालं, बाहेर बसलेले सगळे "काहीतरी बिघडलं" म्हणून रडकुंडीला, पण आत चिकटलेलं दिसल्यावर वेळेत निर्णय घेणं हेच बरोबर असतं.

आता खरी भीती कशाची ते सांगते, कारण याबद्दल कुणी नीट बोलत नाही. आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडतात, तो जोड लीक होणं. दुर्बीण असो की ओपन, याला सूट नाही. बहुतेकांचा जोड नीट धरतो, शंभरात तीन-चार, कधी सहा-सात जणांना हा त्रास होतो, पण झाला की परत ऑपरेशन, कधी पोटावर शौचाची तात्पुरती पिशवी, आयसीयू, सगळंच लांबतं. आणि गंमत बघा, लीक बऱ्याचदा पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास कळतो, म्हणजे दुर्बिणीवाला पेशंट तोपर्यंत घरी पोहोचलेला असू शकतो! म्हणून माझं स्पष्ट मत, जुन्नर-बारामतीहून आलेल्यांनी डिस्चार्ज मिळाला की लगेच गावी पळू नये, आठवडाभर पुण्यात कुणाकडे तरी राहावं. ताप, पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, पोट फुगणं, उलट्या, विश्रांतीतही नाडी शंभरच्या वर, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीच्या तारखेची वाट बघायची नाही, फोन करून थेट इमर्जन्सी गाठायची.

लीकचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे विडी-सिगारेट, ढासळलेलं पोषण, अ‍ॅनिमिया, स्टेरॉइडच्या गोळ्या, घाईत केलेलं इमर्जन्सी ऑपरेशन. यातल्या काही आपल्या हातात आहेत. सर्जनने दोन-तीन आठवडे दिले तर सिगारेट बंद, हिमोग्लोबिन आणि शुगर जागेवर, खाण्यात अंडी-पनीर-डाळी, रोज चालणं. यात घालवलेला वेळ वाया जात नाही, कारण स्टेज तीन असेल (कॅन्सर जवळच्या लिम्फ नोड म्हणजे लसिका गाठींपर्यंत पोहोचलेला) तर पुढे केमो असतो आणि तो शक्यतो ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हायला हवा. जखम चिघळली की केमो पुढे ढकलला जातो, तिथे नुकसान होतं.

रोबोटिकचं, म्हणजे सर्जन रोबोटचे हात चालवून दुर्बिणीतून करतो त्याचं, थोडक्यात. हात स्थिर, चित्र भारी, बिलही भारी. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ४७१ पेशंटवर २०१७ साली तुलना झाली तेव्हा दुर्बिणीपेक्षा ठोस फायदा दिसला नाही. पैसे ओढूनताणून जमवायचे असतील तर मी ते केमो आणि फॉलोअपसाठी ठेवेन. सरकारी आरोग्य योजनेत बसत असेल तर अ‍ॅडमिशनच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या कागदांत मदत करणारा) भेटा, नंतर कागद पळवताना जीव जातो.

सर्जनला भेटाल तेव्हा मशीनचं नाव विचारण्यापेक्षा हे विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता, तुमच्याकडे लीकचं प्रमाण किती, रिपोर्टमध्ये निदान १२ लिम्फ नोड तपासलेले असतात का, दुसऱ्या दिवशी पेशंटला उठवून चालवता का. आकडे सांगायला कुरकुर करणाऱ्या रोबोटवाल्यापेक्षा नीट आकडे सांगणारा ओपनवाला मला चालेल. दोघंही तयारीचे असतील आणि गाठ साधी असेल तर दुर्बीण, डोळे झाकून.

नंतरच्या चालण्याचंही मनावर घ्या, २०२५ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये केमो संपल्यावर तीन वर्षं कोचच्या मदतीने व्यायाम केलेल्यांपैकी पाच वर्षांनी ८० टक्के जण कॅन्सरमुक्त होते, नुसतं माहितीपत्रक मिळालेल्यांत ७४. सुरुवात सारसबागेच्या सपाट फेऱ्यांनी करा, पर्वतीच्या पायऱ्या सर्जनला विचारून.