खुर्चीचं 'हायड्रोलिक' बदलून दिलं म्हणाले की खालचं काळं कव्हर वर करून बघा

ज्यांची ऑफिसची खुर्ची बसल्या बसल्या खाली जायला लागली आहे आणि जे आता फोनवर शोधून कोणाला तरी घरी बोलावणार आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. घरी येऊन खुर्च्या दुरुस्त करणारे सगळेच चोर असतात असं अजिबात नाही, पण आमच्याकडे जो आला त्याची पद्धत अगदी ठरलेली होती हे आता कळतंय, कारण सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्यावर अजून एकीच्या खुर्चीत सेम तेच निघालं. नाव नंबर देत नाही, देऊन उपयोगही नाही, ते नंबर बदलत असतात. पद्धत सांगते.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, माझं काम बरंचसं घरूनच चालतं. खुर्ची 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेली. सकाळच्या कॉलला टेबलाच्या बरोबर लेव्हलला बसायचं आणि कॉल संपेपर्यंत हनुवटी कीबोर्डपाशी, अशी अवस्था. नेटवर जो पहिला नंबर दिसला तो लावला. विझिटचे 300, काम केलं तर त्यातच धरू म्हणाला, इथपर्यंत सगळं ठीक.

आला, खुर्ची उलटी केली, दोनदा ठोकून बघितली आणि लगेच "मॅडम, हायड्रोलिक पूर्ण गेलंय, आणि वरचं मेकॅनिझम पण ढिलं झालंय, दोन्ही बदलावं लागेल, नाहीतर नवीन हायड्रोलिक पण टिकणार नाही." (हायड्रोलिक म्हणजे खुर्ची वरखाली करणारा सीटखालचा सिलेंडर, आणि मेकॅनिझम म्हणजे सीटला खालून लावलेला, लिव्हर असलेला लोखंडी भाग.) 2800 सांगितले, घासाघीस करून 2200 वर आला. मग म्हणाला हे इथे निघत नाही, प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या मशीनवर, काढावं लागतं, वर्कशॉपला नेतो, उद्या संध्याकाळी घरपोच. अर्धे पैसे आधी. क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव भलतंच, तर म्हणे भावाचं खातं आहे.

खुर्ची आली ती अगदी चकाचक पुसून, मेकॅनिझमला काळा रंग नवा कोरा दिसतोय, बसले तर खाली जात नाही. लिव्हर ओढून बघितला तर वरही जात नाही आणि खालीही नाही. यावर त्याचं उत्तर जरा लक्ष देऊन वाचा, कारण सगळी गोम इथेच आहे: "नवीन आहे ना मॅडम, टाईट आहे, पंधरा-वीस दिवसांत सुटेल, तोवर लिव्हर ओढू नका, वॉरंटी जाते." सहा महिन्यांची वॉरंटी, तीही तोंडी. बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला, ते आजतागायत येतंय.

महिना होऊन गेला तरी लिव्हर काही सुटेना. शेजारचे काका पिंपरीच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेत, ते कशासाठी तरी आले होते, त्यांना सहज दाखवलं. त्यांनी खुर्ची आडवी केली आणि सीटच्या खाली ते एकात एक सरकणारं काळं प्लास्टिकचं कव्हर असतं ना, ते हाताने वर सरकवलं. आत पाण्याच्या लाईनचा पीव्हीसी पाईपचा तुकडा, उभा चिरून दांड्याभोवती बसवलेला आणि वरून होज क्लिपा आवळलेल्या. सिलेंडर जुनाच, खुर्चीबरोबर आलेला, त्यावरचं 2020 चं स्टिकर पण काढायची तसदी घेतली नव्हती. आणि 'नवीन' मेकॅनिझमवर रंगाच्या खाली माझ्या मुलीने कधीतरी चिकटवलेल्या फुलपाखराचा अर्धा पंख स्पष्ट दिसत होता. काका म्हणाले, "अगं, याने काही बदललंच नाहीये, नुसतं टेकू लावून दिलंय."

आता टेकू लावणं हे काही वाईट नाही हां. स्वतःसाठी कोणी केलं तर पन्नास-शंभर रुपयांत काम होतं, तुमची उंची एकदा ठरवून पाईप तेवढा कापायचा, खुर्ची परत खाली जात नाही, फक्त वरखाली करता येत नाही एवढंच. घरात एकटाच माणूस ती खुर्ची वापरत असेल तर चांगला उपाय आहे. पण त्याला हायड्रोलिक बदललं म्हणून 2200 घ्यायचे ही शुद्ध फसवणूक आहे.

मुळात आत काय असतं ते काकांनी नीट समजावलं. सगळे हायड्रोलिक म्हणतात पण ते खरं गॅसवर चालतं, बंद नळीत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. वरच्या टोकाला एक छोटी पिन असते, लिव्हर ओढला की ती दाबली जाते, आतला व्हॉल्व्ह उघडतो आणि दांडा वरखाली होतो, सोडला की बंद होऊन तिथेच राहतो. आतलं सील झिजलं की लिव्हरला हात न लावताही गॅस हळूहळू इकडचा तिकडे जातो नाहीतर बाहेर निघून जातो, आणि आपण खाली. ते सील घरी बदलता येत नाही, त्यामुळे "450 मध्ये गॅस भरून देतो" असं कोणी म्हटलं तर सरळ दरवाजा दाखवा. आणि स्वतः तो सिलेंडर कापायला, ड्रिल मारायला, तापवायला जाऊ नका प्लीज, दाब असतो त्यात, भंगारात द्यायचा तर आख्खा द्या.

कधी कधी सिलेंडर ठणठणीत असतो आणि फक्त लिव्हर वाकून किंवा अडकून त्या पिनवर सतत दाब देत असतो, तेव्हाही खुर्ची खाली जाते. खुर्ची उलटी करून लिव्हर पिनपासून मोकळा होतोय का बघा, हे तपासायला एक रुपया लागत नाही आणि घरी येणारा माणूस हे कधीच सांगणार नाही.

शेवटी नवीन सिलेंडर मी ऑनलाईन मागवला, साधारण हजाराच्या आतबाहेर मिळतो. बहुतेक खुर्च्यांना खालची नळी 50 मिमी आणि वरचा दांडा 28 मिमी व्यासाचा लागतो, तरी आपल्याची मोजून घ्या, आणि दांडा किती उचलतो ती लांबीही बघा नाहीतर बुटक्या माणसाचे पाय लटकतात (अनुभव नाही, काकांचा टोमणा आहे). क्लास 3, क्लास 4 असं लिहिलेलं असतं, ते मजबुतीचं, जड माणूस असेल तर 4 घ्या. पाईप पाना काकांकडे होता, नसेल तर पुण्यात हार्डवेअरच्या दुकानांच्या बोहरी आळीत मिळतो. खुर्ची उलटी करून पाच पायांचा बेस आधी काढायचा, सिलेंडरच्या खालच्या कडेवर हातोड्याने ठोकायचं, मधल्या भागावर नाही. मग सीटच्या बाजूने पाईप पाना लावून पिळायचं, गंज असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायचा. आमचा बराच चिवट होता, काकांना घाम फुटला, पण निघाला. नवीन बसवताना ना स्क्रू ना गोंद, तेल तर अजिबात नाही, दोन्ही टोकं निमुळती असतात, नुसतं ठेवायचं आणि वर दाणकन बसायचं, वजनानेच घट्ट होतं. म्हणजे प्रेस, वर्कशॉप, टेम्पो हे सगळं कशासाठी होतं ते तुम्हीच समजा. काही जण वेल्डिंगही करून देतात म्हणे, ते तर मुळीच करू देऊ नका, पुढच्या वेळी खुर्चीच फेकायला लागेल.

पैशाचं म्हणाल तर मिळाले नाहीत. फोन केला तर आधी "वॉरंटी पार्टवर आहे, लेबरवर नाही", मग "कारागीर गावी गेलाय", मग स्विच ऑफ. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार घेतात, पण समोरच्याचं दुकान-पत्ता काहीतरी हातात हवं, माझ्याकडे व्हॉट्सॲप चॅट, यूपीआयची पावती आणि त्या पाईपचे फोटो एवढंच. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, पण नोटीस कोणाच्या नावाने पाठवायची हा प्रश्न तिथेही आहेच. म्हणून बिल आधी, त्यावर पत्ता हवा, आणि काढलेला जुना पार्ट आपल्याकडेच ठेवून घ्यायचा, "तुमच्या काय कामाचा" म्हटलं तरी. कोणी नुसता ॲडव्हान्स घेऊन गायब झाला तर मात्र वेळ न घालवता 1930 लावा, तो सायबर फसवणुकीसाठीच आहे.

आमच्या बी विंगमधल्या ताईंनी गेल्या आठवड्यात वेगळ्याच नंबरवरून माणूस बोलावला, वर्णनावरून मला तर तोच वाटतोय. ताईंनी ग्रुपवरचा माझा मेसेज वाचलेला, त्यामुळे प्रेसचं नाव निघाल्या निघाल्या म्हणाल्या, इथेच काढा, पाईप पाना आम्ही देतो, काका पण येतायत मदतीला. तर गाडी चुकीच्या जागी लावलीय, हलवून आलोच म्हणाला, आणि विझिटचे 300 खिशात घालून जो गेला तो गेलाच.