पांढऱ्या कोटिंगची बादली: एप्रिलमध्ये कामाची, मृगात डोक्याला ताप

मृग तोंडावर आला की कोल्हापुरात गळतीचे फोन सुरू होतात. "मिस्त्री, पाऊस लागायच्या आत दोन हात मारून द्या की!" आणि लक्ष्मीपुरीतून गच्चीला मारायच्या पांढऱ्या अॅक्रिलिक कोटिंगची 20 लिटरची बादली उचलली जाते. माल वाईट नाही. उतार असलेल्या, कोरड्या, उघड्या स्लॅबवर तो चांगला टिकतो. स्लॅब तापून-निवून हलतो तेव्हा थर थोडा ताणला जातो, आणि पांढऱ्या रंगामुळं वरच्या खोलीतला उकाडाही कमी होतो. मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात ही बादली उघडणं म्हणजे तक्रार विकत घेणं.

आधी मापाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथंच होते. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला की ओला थर 1 मिलिमीटरचा होतो. डब्यावर घन भाग आकारमानानं 50 टक्के लिहिला असेल, तर वाळल्यावर त्यातला अर्धाच उरतो. हजार चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर वाळलेला थर हवा असेल तर 93 लिटर, म्हणजे जवळपास पाच बादल्या लागतात. वर कठड्यावर फूटभर कोटिंग चढवायचंच असतं. 25 बाय 40 च्या गच्चीला ते आणखी 130 फूट भरतं. "हजार फुटाला दोन बादल्या पुरे" म्हणणाऱ्याच्या हिशेबात वाळलेला थर 0.2 मिलिमीटर निघतो, वहीच्या दोन पानांएवढा. तो एका पावसाळ्यातच पोपडे धरतो, आणि शिव्या मालाला बसतात.

दुसरी खोड ओलाव्याची. स्लॅबच्या पोटात ओल असताना वरून थर बसला की उन्हात तिची वाफ होते, तिला वाट सापडत नाही, फुगे येतात. तपासायला खर्च काही नाही. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून किमान 16 तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट दिसलं, तर काम पुढं ढकला.

तिसरी खोड साचलेल्या पाण्याची. पावसाळी पाईपच्या तोंडाशी किंवा मधल्या खळग्यात पाणी दिवसेंदिवस उभं राहिलं की अॅक्रिलिक मऊ पडून सुटतं. म्हणून आधी उतार दुरुस्त करायचा, 100 ला 1 तरी हवाच. मग तारेच्या ब्रशनं शेवाळ काढणं, भेगा इंग्रजी व्हीसारख्या 5-6 मिलिमीटर खोदून भरणं, कठड्याच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, मारणं. सांध्यांवर दोन हातांच्या मध्ये फायबर जाळी. पहिला हात डब्यावरच्या प्रमाणात पातळ करून, पुढचे दोन जाड आणि एकमेकांना आडवे.

आपल्याकडं इथं एक पेच आहे. मे महिन्यात दुपारी तापलेल्या स्लॅबवर हात मारला तर वरची साय आधी धरते आणि बारीक छिद्रं पडतात. म्हणून बरेच जण संध्याकाळचा हात मारतात, अन् नेमका तेव्हा वळीव येऊन पांढरं पाणी पन्हळीतून शेजारच्याच्या अंगणात! सकाळी दव सुकल्यावर सुरू करून दहापर्यंत हात संपवणंच बरं.

मेच्या शेवटी ओल राहिलीच, तर सिमेंट-पॉलिमरचं दोन भागांचं कोटिंग घ्या. ते भिजवून पाणी निथळलेल्या पृष्ठावरच लावतात, फक्त कालवलेला माल लवकर घट्ट होतो म्हणून थोडा-थोडा कालवायचा. विटांच्या तुकड्यांचा कोबा उतारासाठी आजही झकास, पण 4 इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास जातं. पेठेतल्या जुन्या स्लॅबवर टाकण्याआधी इंजिनिअरला दाखवा.

आणि प्रत्येक गळती गच्चीची नसते. पश्चिमेच्या भिंतीला झड लागते, खिडकीच्या छज्ज्यावरून पाणी आत येतं. तिथं गच्चीवर पाच बादल्या ओतून काय होणार? मंगळवार पेठेतल्या कौलारू घराला तर कोटिंगचा संबंधच नाही. तिथं मेमध्ये कौलं चाळून फुटकी बदलणारा माणूस हवा, आणि असे कारागीर आता कमी राहिलेत.

काम मिळवायचं असेल तर ऑगस्टमध्ये फिरा. ओल तेव्हाच डोळ्याला दिसते: छतावर डागाभोवती पेन्सिलनं रेघ मारायची, तारीख टाकायची, फोटो मालकाला पाठवायचा. गणपतीआधी "रंग मारा" म्हणतील, पण ओल्या भिंतीवर रंग मारला तर लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुटतो. रंग दिवाळीच्या आधी, भिंत सुकल्यावर. नदीकाठच्या घरांना वेगळा हिशेब. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की खालच्या भिंती पाणी पितात, त्यांना महिनोन्‌महिने पुट्टी लावू नका. करवीर-कागलच्या गावांत दर घेऊन जायचं ते ऊस बिलाच्या दिवसांत, डिसेंबर ते मार्च, कारण जूनला शेतकऱ्याचा पैसा बी-खतात अडकतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गडी सुट्टीवर जातात, ते दिवस वेळापत्रकातून आधीच वगळा.

दरपत्रकात फक्त चौरस फुटाचा दर लिहू नका. वाळलेल्या थराची जाडी, बादल्यांची संख्या आणि शेवटी गच्चीत पाणी साठवून 24 तासांची चाचणी, हे तिन्ही लिहा. रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवा, मालकाला मोजू द्या.