'द इम्मॉर्टल हल्क': पन्नास अंक वाचून, परत वाचून झाल्यावर

मार्व्हलची ही कॉमिक मालिका जून २०१८ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पन्नासाव्या अंकावर संपली. लेखन अल यूइंग यांचं, मुख्य चित्रकार ब्राझीलचे जो बेनेट, शाई रुय जोझे, रंग पॉल माउंट्स आणि मुखपृष्ठं अ‍ॅलेक्स रॉस. पहिल्या वाचनात अंगावर येतात ती फाटलेली शरीरं. दुसऱ्यांदा, सावकाश वाचताना खरी भीती कुठे आहे ते कळतं: एकाच शरीरात चार-पाच जण राहतात आणि आज ते कोणाच्या ताब्यात आहे, हे त्यांनाही धड सांगता येत नाही. माझ्या मते मालिकेचा सगळा डोलारा यावर उभा आहे आणि ती कशी वाचावी हेही यावरूनच ठरतं.

नियम पहिल्याच अंकात ठरतात. पेट्रोल पंपावर दरोडा पडतो, गॅमा किरणांमुळे हल्क होणारा शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर याला गोळी लागते, तो मरतो. सूर्य मावळतो आणि शवागारातून हल्क उठतो. दिवसा बॅनर, रात्री हल्क. ही यूइंगची नवी टूम नाही. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी काढलेल्या अगदी पहिल्या अंकात हल्क करड्या रंगाचा होता आणि अंधार पडल्यावरच यायचा. राग आला की हिरवा, हे समीकरण नंतर बसलं. यूइंग यांनी मधल्या काळातलं काहीही न पुसता तो जुना नियम परत आणला. बॅनर २०१६ च्या 'सिव्हिल वॉर २' या मार्व्हलच्या मालिकेत मारला गेला होता. तो परत आला कसा, याचं कारणही इथे कथेचाच भाग होतं. गॅमा किरणांनी बदललेली माणसं मरून टिकत नाहीत, एका हिरव्या दारातून परत येतात. त्या दारापलीकडे काय आहे, याचं उत्तर अकराव्या ते तेराव्या अंकात सापडू लागतं.

पहिल्या अंकाची शेवटची पानं नीट बघा. दरोडेखोर टॉमी हिल काही खलनायक नाही. कर्जात अडकलेला, घाबरलेला पोरगा आहे, पण त्याच्या हातून एक बारा वर्षांची मुलगीही मेलेली आहे. हल्क त्याला लगेच हाणत नाही. शांत, सलग, व्याकरणशुद्ध वाक्यांत प्रश्न विचारतो. चौकटी अरुंद होत जातात, हल्कचं तोंड पानभर पसरतं आणि प्रत्यक्ष मारहाण आपल्याला दिसतच नाही. पुढच्या पानावर दिसतो तो तिचा परिणाम. हा 'डेव्हिल हल्क'. नावात सैतान असला तरी बॅनरवर बापासारखी माया करणारा तोच आहे, आणि म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते.

बाकीचे ओळखायला बोलणं ऐकावं. 'सॅव्हेज हल्क' स्वतःला नावाने संबोधतो, लहान मुलासारखी तुटक वाक्यं बोलतो. 'जो फिक्सिट' जुन्या गुंडांच्या बोलीत बोलतो आणि या मालिकेत तो चक्क दिवसा, बॅनरच्याच हाडकुळ्या शरीरात वावरतो. अंक भराभर वाचले की हे फरक हातातून निसटतात आणि विसाव्या अंकानंतर 'हे आता कोण बोलतंय?' असा गोंधळ उडतो. अनेक वाचकांची हीच तक्रार असते. त्यावर उपाय आहे. सुरुवात करण्यापूर्वी 'द इन्क्रेडिबल हल्क'चे दोन जुने अंक वाचा: १९८५ चा ३१२ वा (लेखक बिल मँटलो, चित्रं माइक मिन्योला) आणि १९९१ चा ३७७ वा (लेखक पीटर डेव्हिड). पहिल्यात बाप ब्रायन बॅनरने केलेला छळ उघड होतो, दुसऱ्यात तुटलेली व्यक्तिमत्त्वं एकत्र आणायचा प्रयत्न आहे. एवढी शिदोरी पुरते. हल्कचा साठ वर्षांचा सगळा इतिहास वाचायची गरज नाही.

चित्रांबद्दल बोलायचं तर आठवा अंक उघडा. हल्कच्या मागावर असलेल्या जनरल फोर्टियनच्या गुप्त तळावर हल्कचे तुकडे करून वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत ठेवलेले आहेत आणि प्रत्येक तुकडा जिवंत आहे. डॉक्टर क्लाइव्ह ते कापतो, नोंदी करतो, त्याच्या आवाजात शास्त्रज्ञाचा थंडपणा आहे. बेनेट इथे घाई करत नाहीत. डोळा, बोटं, आतडी ओळीने दाखवतात, आणि मग ते तुकडे एकत्र येतात तेव्हा डॉक्टरही त्यात ओढला जातो. स्नायूंची दिशा, त्वचा ताणल्यावर पडणाऱ्या सुरकुत्या, दातांमागची जीभ, सगळं शरीरशास्त्राला धरून आहे. म्हणूनच किळस टिकते. रुय जोझे यांची शाई नसते तिथे हा परिणाम उणावतो, हे पाने शेजारीशेजारी ठेवली की कळतं. पाहुण्या चित्रकारांचे अंक मात्र ठिगळासारखे वाटत नाहीत. तिसऱ्या अंकात एकच घटना वेगवेगळे साक्षीदार सांगतात आणि प्रत्येकाची चित्रशैली वेगळी आहे. चौतिसाव्यात हल्कचा जुना शत्रू 'लीडर' याचा पूर्वेतिहास बुच गाइस यांनी काढलाय.

आता कोणती आवृत्ती घ्यायची. कागदी बांधणीचे दहा खंड आहेत, प्रत्येकात पाच अंक. पुठ्ठ्याच्या बांधणीचे मोठ्या आकाराचे पाच, प्रत्येकात दहा. शिवाय सगळं एकत्र असलेला दीड हजारांहून अधिक पानांचा ऑम्निबस. कागदी खंडांत दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या घडीत गिळलं जातं, आणि हल्कचा चेहरा नेमका तिथेच असतो. ऑम्निबस दिसायला देखणा, पण टेबलावर ठेवल्याशिवाय वाचता येत नाही आणि एवढ्या वजनाने काही काळाने पुस्तकाची पाठ सैल होते. तो उभा न ठेवता आडवा ठेवावा. सोय, आकार आणि टिकाऊपणा बघता पाच मोठे खंड सगळ्यांत उत्तम. फक्त सुरुवात करून बघायची असेल तर पहिले दोन कागदी खंड, म्हणजे अंक १ ते १०, घ्या. आठव्या अंकानंतरही पुढे काय ते जाणून घ्यावंसं वाटलं नाही, तर ही मालिका तुमच्यासाठी नाही.

मोबाईलवर वाचणार असाल तर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय आधी बंद करा. ही मालिका पान उलटण्यावर चालते. उजवीकडच्या पानाच्या तळाशी पायाचा आवाज, आणि पान उलटलं की पूर्ण पानभर राक्षस. चौकटी सुट्या केल्या की हा धक्का मरतो. शिवाय माउंट्स यांचे रंग गडद आहेत. पडद्याचा उजेड कमी असेल तर काळ्या शाईतला गर्द हिरवा दिसतच नाही. दहा इंची टॅबलेट, आडवा धरून दोन पानं एकत्र, हे कमीत कमी.

मधला भाग ढिला आहे, हे मान्य करायलाच हवं. सव्विसाव्या अंकापासून रॉक्सन कंपनीविरुद्ध तरुणांचं बंड उभं राहतं. सुरुवात जोरदार, पण परग्रहावरचा राक्षस झेम्नू आला की तो विषय मागे पडतो आणि परत तितक्या ताकदीने येत नाही. झेम्नूचा भाग (३१ ते ३३) स्वतंत्रपणे मात्र उत्कृष्ट आहे. तो लोकांच्या आठवणी बदलतो आणि सगळ्यांना वाटू लागतं की खरा, लाडका हल्क हाच. यामागे खरा इतिहास आहे: १९६० मध्ये, हल्क जन्मायच्या आधी, झेम्नू 'हल्क' या नावानेच छापून आला होता. पंचविसावा अंक विश्व संपल्यानंतरच्या काळात जातो. काहींना तो सर्वोत्तम वाटतो, काही जण तिथेच मालिका सोडतात. मी पहिल्या गटात.

एक गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाही. २०२१ मध्ये आलेल्या ४३ व्या अंकात एका दागिन्यांच्या दुकानाच्या चित्रात ज्यूविरोधी संकेत होते. बेनेट यांनी माफी मागितली, पुढच्या छपाईत चित्र बदललं गेलं. त्याच वर्षी त्यांची जुनी राजकीय चित्रंही चर्चेत आली आणि मार्व्हलने त्यांच्याबरोबरचं काम थांबवलं. काही वाचकांनी त्यानंतर मालिका कपाटातून काढून टाकली. त्यांचा निर्णय मला समजतो. कुणाला हे पुस्तक भेट द्यायचं असेल तर ही माहिती आधी सांगावी.

शेवटाबद्दल मतं दुभंगलेली आहेत. पन्नासावा अंक नेहमीपेक्षा जाडजूड आहे आणि त्यात मोठ्या लढाईपेक्षा एका प्रश्नाला आणि क्षमेला जास्त जागा मिळते. ज्यांनी हिरवं दार, कब्बाला या ज्यू गूढविद्येतल्या संकल्पना, दारापलीकडची दुष्ट शक्ती 'वन बिलो ऑल' यांचं कोडं सोडवायच्या हेतूने वाचलं, त्यांना उत्तर अपुरं वाटतं. ज्यांनी ब्रायन बॅनरचा धागा धरून ठेवला, त्यांना ते पुरेसं वाटतं. म्हणून दुसऱ्या वाचनात बाप कुठे कुठे दिसतो ते टिपून ठेवा: आरशांत, प्रतिबिंबांत, दुसऱ्याच्या तोंडून. पत्रकार जॅकी मॅगीकडेही तितकंच लक्ष द्या. हल्कने तिचं घर उद्ध्वस्त केलं आणि तरी तिला त्याच्या रागाचा हेवा वाटतो. कोणाला संतापायची मुभा असते आणि कोणाला नसते, हे मालिकेतलं सगळ्यांत धारदार म्हणणं तिच्याच वाट्याला आलंय.

बालछळ, आत्महत्येचे उल्लेख आणि उघडी शरीरं पाहता पंधरा-सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हाती हे देऊ नये.

मालिकेसोबत निघालेल्या, एकाच अंकात संपणाऱ्या जोडकथांपैकी जेफ लेमायर आणि माइक डेल मुंडो यांचा 'द थ्रेशिंग प्लेस' जरूर घ्या, त्यातला रंगांचा वापर वेगळाच आहे. मार्व्हलच्या 'किंग इन ब्लॅक' या मोठ्या कथानकातला हल्कचा अंक जवळजवळ संवादाविना पुढे जातो, तोही चांगला. तशाच 'अ‍ॅब्सोल्यूट कार्नेज' या कथानकाचा अंक मूळ कथेसाठी लागत नाही, तो नसला तरी बिघडत नाही.