बिडाचा खोलगट तवा: शिळ्या भाकरीसाठी घ्याच

तापायला वेळ लावतो, पण एकदा तापला की आच सोडत नाही. आमच्या जळगावच्या वांग्याचं भरीत उरलं, तर वाया का घालवायचं? मी ते या तव्यात पसरते. वर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) शिळ्या भाकरीचा चुरा, त्यात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, सढळ तेल. हाताने दाबून बसवायचा. झाकण सपाट आणि जाड आहे, त्यावर चुलीतले निखारे ठेवले की वरचा थर खरपूस होतो, कडेने तेल चुरचुरतं. अप्रतिम लागतं! वजन मात्र फार, सासूबाईंना उचलत नाही. टोमॅटो यात शिजवू नका, काळा पडतो. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवा.